दोनशे बारा नंबर

डेअरी बंद पडली तेव्हा माझ्याकडे उरलं
किल्ली, वजनकाटा, एक लॅक्टोमीटर
आणि आंबट वासाची दहा बाय बाराची खोली.
फरशी तीनदा धुतली. सोड्यानं, मग राखेनं.
वास गेला नाही. आता तो पुस्तकांना लागलाय.
पोरं म्हणतात, मामा, ह्या गोष्टीला ताकाचा वास येतो.

पुस्तकं पुण्याहून येतात.
स्वारगेटला गोणी एसटीत चढते, पानशेतला उतरते,
पुढं लाँचमध्ये पेंडीच्या पोत्याशेजारी बसून
पाण्याच्या ह्या अंगाला.
आत काय निघेल त्याचा नेम नाही.
अठ्ठ्याण्णव सालचं बारावीचं गाईड.
मायक्रोवेव्हमधले शंभर पदार्थ
(वाडीत मायक्रोवेव्ह नाही,
पण चित्रांपायी सगळ्यात जास्त तेच फिरलं).
कुणाच्या मुंजीत आलेली पाच चरित्रं,
पहिल्या पानावर ‘चि. मिहिरला, आत्याकडून’,
मिहिरनं एकदाही न उघडलेली.

दोनशे बारा नंबर अशाच एका गोणीतून निघालं.
एक नावाडी, पूर, हरवलेली बहीण.
शेवटची पानं कसरीनं खाल्लेली.
मी बघितलं नव्हतं.
खरं सांगतो, हातात तोलून नंबर टाकायची सवय,
दुधाच्या कॅनसारखी.

पायल ढेबे, आठवी, वरच्या धनगरवाड्यातली,
दर बुधवारी खव्याची पाटी घेऊन दीड तास उतरते.
नासलेलं दूध परत करावं तसं
तिनं पुस्तक टेबलावर ठेवलं.
‘मामा, ह्याला शेवट नाही.’
दुसरं ने म्हणालो.
‘दुसरं नको. बहीण घावली का?’
बावीस वर्षं मी लोकांना तोंडावर सांगत आलो
तुमच्या दुधात पाणी किती.
ह्या पाण्याचं मला काही सांगता येईना.

पुढच्या बुधवारी तिनं चार पानं आणली,
आखीव वहीची, पोत्याच्या दोऱ्यानं शिवलेली.
तिच्या शेवटात बहीण घावत नाही.
नावाडी रोज होडी काढतो
आणि एक वल्हं जास्तीचं ठेवतो.
एवढंच.
मी काट्याला टेकून उभ्यानं वाचलं
आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, पानं पूर्ण.

आकाश कचरेला ते पटलं नाही.
त्याच्या पानांत बहीण पुण्यात निघते,
कात्रजच्या एका खाणावळीत, भांड्यांच्या ढिगामागं.
त्याची थोरली तिकडंच असते.
पाचवीतल्या शिवांश पासलकरनं
अख्खं धरण रिकामं केलं. खालचं बुडालेलं गाव
चिखलासकट वर आणलं
आणि बहिणीला दारात उभी केली, हातात केरसुणी.
पुस्तक पाठीकडून जाड होत गेलं.

दिवाळीनंतर कोथरूडच्या एक बाई आल्या.
कुठूनसं ऐकून पूर्ण प्रत घेऊन आल्या, कोरी.
पोरं गोळा झाली. पायलनं मोठ्यानं वाचलं.
पूर ओसरतो. बहीण सापडते.
सगळे एकमेकांकडे बघून हसतात.
खोलीत कुणी हसलं नाही.
आकाश म्हणाला, ‘मामा, लॅक्टोमीटर काढा.’
बाईच आधी हसल्या,
मग टेबलावरचं ते जाडजूड पुस्तक उघडून
लाँच सुटायची वेळ झाली तरी वाचत बसल्या.

कोऱ्या प्रतीला तीनशे सहा नंबर दिला.
ती कपाटात आहे, स्वच्छ.

दोनशे बारा मात्र दोन बुधवार परत आलेलं नाही.
पायलही उतरली नाही, पाटी धाकटा भाऊ आणतो.
आज त्याच्याकडे चिठ्ठी होती,
तुपाचा डाग पडलेली.
दंड लावू नका मामा. आईला सगळं वाचून दाखवलं.
ती म्हणती, कुणालाच नीट जमलं नाही.
आता चुलीपाशी ती सांगतीय, मी लिहितेय.
खवा आटेस्तोवर थांबा.